राजाच्या टकलाची तक्रार

सासू घरातून जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारी सून जगात एकच असेल आणि ती मी आहे. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक कपाळाला हात लावून ताप आहे का बघतात. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "अगं, सुंठीवाचून खोकला चाललाय आणि तू असा सुतकी चेहरा करून बसलीस?" मी म्हटलं, खोकला माझा आहे, माझं मी बघून घेईन.

आमच्या सासूबाई टोप करतात. नाटकातले नट डोक्यावर चढवतात ते केसांचे टोप. बारीक जाळी घ्यायची, तिच्या एकेका भोकातून आकड्याच्या सुईनं एकेक केस ओढायचा, गाठ मारायची, पुढचं भोक. असं अख्खं डोकं. त्यांच्या खोलीत भिंतीच्या फळीवर लाकडी मुंडकी रांगेनं बसलेली असतात. त्यांतल्या प्रत्येकाशी आईंची ओळख आहे. एक लांबोडं आहे, एक आडदांड आहे आणि एक आहे ते चक्क रुसकं. "रुसक्याला जरा उन्हाकडे फिरव," असं त्या मला सांगतात आणि मीही फिरवते.

त्याच खोलीत, खिडकीपाशी, माझं टेबल आहे. मी लोकांच्या वेबसाइट बनवते. म्हणजे एका खोलीत दोन धंदे, आणि माझ्या कीबोर्डच्या फटीफटीत केस. दिवसभर आमची तोंडं चालू. मी म्हणायचं, "आई, तुमचा केस माझ्या चहात आला." त्यांनी म्हणायचं, "माझाच असणार. तुझ्या डोक्यावर आहेत कुठे चहात पडायला?" माझे केस जन्मापासून विरळ. पहिल्या भेटीत, लग्न ठरायच्या आधी, आईंनी माझ्याकडे नीट बघून नवऱ्याला सांगितलं होतं, "आत माल आहे रे, पण वर छप्पर नाही." तो हसला. मीही हसले, आणि तिथेच ठरवलं की याच घरात यायचं.

तर, नाटकवाल्यांनी हळूहळू बाजारातले तयार टोप घ्यायला सुरुवात केली. प्लॅस्टिकचे, चकचकीत, डोक्यावर ठेवले की भांडं पालथं घातल्यासारखे दिसणारे. आईंकडचं काम आटलं. म्हणून मी त्यांची वेबसाइट बनवली. सगळ्या मुंडक्यांना टोप चढवून फोटो काढले, रुसक्याचा सगळ्यात वर टाकला आणि खाली एक फॉर्म ठेवला: नाव आणि फोन नंबर लिहा, काय हवं ते लिहा, बटण दाबा. बटण दाबलं की समोर अक्षरं येणार, "धन्यवाद, आपला निरोप पोहोचला." आणि निरोप मेलनं माझ्याकडे येणार. मी स्वतःच एक निरोप पाठवून बघितला होता, आला होता. आई त्या वेबसाइटला "तुझं ते दुकान" म्हणायच्या, पण रोज सकाळी चहा घेताना विचारायच्या, "दुकानात कुणी आलं होतं?"

कुणी आलं नव्हतं. आठवडे गेले. पुढे पुढे त्यांनी विचारायचं सोडलं, आणि मग माझ्याशी भांडायचंही सोडलं. चहात केस आला, मी मुद्दाम ओरडले, तर म्हणाल्या, "दुसरा करून घे." बस्स, एवढंच.

आणि एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर नणंदेला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी असतात, घर मोठं आहे, कधीपासून आईला बोलावतायत. आई म्हणाल्या, "ये, घेऊन जा मला. इथलं माझं काम संपलं." ताई म्हणाल्या, रविवारी गाडी घेऊन येते. आईंनी फोन ठेवला, खोकी मागवली आणि मुंडकी कागदात गुंडाळायला बसल्या.

"ही कशाला गुंडाळताय?" मी विचारलं.

"कुणाला तरी देऊन टाक. नाहीतर जाळ."

"रुसक्याला जाळू?"

"जाळ."

माझं डोकं सटकलं. माझं डोकं लवकर सटकतं, वर छप्पर नसल्यामुळे असेल. म्हटलं, "आई, काय झालंय ते सरळ बोला. उगाच मूग गिळून बसू नका."

त्यांनी रुसक्याला खोक्यात ठेवलं, उठल्या, आणि ज्या आवाजात त्या एके काळी नटांना झापायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "केसानं गळा कापलास तू माझा! मी स्वतः ऑर्डर टाकली होती तुझ्या दुकानात!"

"तुम्ही?"

"मी! त्याच्या फोनवरून." तो म्हणजे माझा नवरा, त्यांचा मुलगा, जो त्या वेळी दारात उभा होता आणि लगेच पाणी प्यायला निघून गेला. "नाटक कंपनीचा व्यवस्थापक म्हणून लिहिलं. खलनायकासाठी टोप हवा, असं. म्हटलं बघू तरी, निरोप येतो का आपल्यापर्यंत. धन्यवाद, पोहोचला, असं स्वच्छ लिहून आलं. मी वाट बघत बसले. तू चहा पितेस, गप्पा मारतेस, ऑर्डरचं नाव नाही! पुन्हा लिहिलं. पुन्हा पोहोचला. तिसऱ्यांदा तर मी रागावून लिहिलं. तोही पोहोचला! मग गेले कुठे? म्हातारीनं आता आवरावं असं वाटत असेल तर तोंडावर सांगायचं, दाबून कशाला ठेवायचं?"

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. ही बाई आठवडाभर खलनायकाच्या टोपाची वाट बघत माझ्या शेजारी बसली होती आणि मनात मला खलनायक ठरवत होती. मी शपथा घेतल्या. त्या म्हणाल्या, "शपथा नट घेतात." मी त्यांच्यासमोर फॉर्म भरला, बटण दाबलं. "धन्यवाद, आपला निरोप पोहोचला." मेल उघडली. काही नाही. थांबलो. काही नाही.

"बघा, मलाच मिळत नाहीये!"

"दुकान तुझं, पाटी तुझी, पोहोचला म्हणून लिहिणारी तू," आई म्हणाल्या, आणि आडदांडाला कागदात गुंडाळू लागल्या.

बोलणं खरं होतं. माझा फॉर्म धन्यवाद म्हणून मोकळा व्हायचा, मेल गेली की नाही हे वळून बघायची त्याला मी सवयच लावली नव्हती. पण ते नंतर. आधी दुसऱ्याची चूक शोधायची, हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे.

वेबसाइट राहते ती होस्टिंग कंपनीच्या कॉम्प्युटरवर. आपण भाडेकरू, ते घरमालक. मी घरमालकाला फोन लावला. तिथे जो मदतीला बसतो त्याचं नाव मला माहीत नाही. मी त्याला नियमबुवा म्हणते. त्याचा आवाज इस्त्री केल्यासारखा आहे, एक चुणी नाही.

"मॅडम, सर्व्हरवरून मेल पाठवायची सोय आम्ही सर्वांसाठी बंद केली आहे. एका ग्राहकानं तिचा गैरवापर केला. लाखो लोकांना लॉटरी लागल्याच्या मेल पाठवल्या."

"चोर सोडून संन्याशाला फाशी? मला कळवायचं तरी!"

"कळवलं होतं, मॅडम."

"कसं?"

"आमच्या सूचनांच्या पानावर आहे."

"ते पान कोण वाचतं?"

"मी वाचतो," नियमबुवा म्हणाला, आणि त्यात त्याला काही विनोद वाटला नाही.

मी म्हटलं, बरं, मग बाहेरच्या मेल कंपनीमार्फत पाठवते. तो म्हणाला, तो दरवाजाही बंद आहे. साइट उचलून दुसरीकडे नेते म्हटलं, तर म्हणाला, जरूर न्या, पत्ता मोकळा करून द्यायला आमच्याकडे दहा दिवस लागतात. रविवार तर अंगावर आला होता. आता कुणी शहाणा म्हणेल की दुसऱ्या कुणाचा तयार फॉर्म आणून चिकटवायचा, झालं काम. चिकटवता आला असता, नाही असं नाही. पण आईंनी ज्या खिडकीतून निरोप टाकले, त्याच खिडकीतून निरोप आलेला मला त्यांना दाखवायचा होता. आणि खरं सांगायचं तर तो "मॅडम, नियमात नाही" माझ्या डोक्यात गेला होता.

"म्हणजे तुमच्या सर्व्हरवरून मला एकही मेल येऊ शकत नाही?"

"तसं नाही मॅडम. आमच्या मेल येतात. तुमच्या साइटमध्ये गंभीर बिघाड झाला, की आमची यंत्रणा तात्काळ मालकाला मेल करते. बिघाडाच्या संपूर्ण मजकुरासह." इस्त्रीवर किंचित अभिमानाची घडी पडली. "शिवाय एक प्रत मला येते. आणि मालकानं बिघाड सुटला असं सांगेपर्यंत मी फोन करून पाठपुरावा करतो. हा नियम आहे."

"बिघाडाचा मजकूर कोण ठरवतं?"

"बिघाडच ठरवतो, मॅडम."

मी गोड आवाजात आभार मानले आणि फोन ठेवला. नवरा पाणी पिऊन परत आला होता. माझा चेहरा बघून म्हणाला, "आता कुणाचं काय करणार आहेस?"

केलं ते अगदी साधं. बटण दाबलं की फॉर्मनं आधी "धन्यवाद" म्हणायचं, सभ्य माणसासारखं, आणि मग मागच्या मागे कोसळायचं. कोसळताना ओरडायचं, आणि ओरडायचं काय, तर गिऱ्हाइकानं लिहिलेला निरोप. घरमालकाची यंत्रणा घाबरून धावत येणार आणि तो निरोप जसाच्या तसा माझ्या हातात ठेवणार. पानावर मी एक ओळही टाकली: "ज्यांनी आधी निरोप पाठवले त्यांनी कृपया पुन्हा पाठवावेत, आमच्या घरमालकानं ते गिळले आहेत."

मी स्वतः पहिला निरोप टाकला: "रुसक्या, ऐकतोस का?" आणि क्षणात मेल आली, वर लाल पट्टा, ठसठशीत अक्षरं. "गंभीर बिघाड: रुसक्या, ऐकतोस का?"

मी खुर्चीतून उडीच मारली. आईंना ओढत आणून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे तू लिहिलंस."

"हो, पण बघा ना, आलं!"

"तू लिहिलंस, तुला आलं. आरशात बघून कुणी ओळख झाली म्हणतं का?" आणि गेल्या खोक्यांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आली. लाल पट्टा. "गंभीर बिघाड: आमच्या राजाला टक्कल आहे. तिसऱ्या अंकात तो मुकुट काढून प्रजेची माफी मागतो तेव्हा प्रजा हसते, प्रेक्षकही हसतात. खऱ्या केसांचा टोप हवा. मी हे आधीही लिहिलं होतं, तुम्ही उत्तर देत नाही, हे बरं नव्हे."

खाली एका हौशी नाटक मंडळीचं नाव होतं. आधीही लिहिलं होतं! म्हणजे लोक येत होते, आईंना हाका मारत होते आणि हाका भिंतीत जिरत होत्या. मी मेल घेऊन नाचत खोलीत गेले.

आईंनी वाचलं. या वेळी चष्मा काढायला वेळ लागला. डोळे पुसल्यासारखं केलं आणि मग म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात, "राहू दे गं. मी जातेय म्हणून तुला वाईट वाटतंय, कळलं मला. पण अशा खोट्या ऑर्डरी लिहून माझी समजूत घालू नकोस. टकलाचा राजा म्हणे! हे तुझंच डोकं."

घ्या! आधी ऑर्डर दाबली म्हणून मी वाईट, आता ऑर्डर बनवली म्हणून मी चांगली, आणि दोन्हीकडून खोटारडी. मी पाय आपटत आंघोळीला गेले. शनिवार उजाडला होता, दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती, आणि आमची म्हातारी माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. नळ सोडून मी चांगली रडून घेतली.

बाहेर माझा फोन वाजला. मी ओल्या केसांनी, म्हणजे जेवढे आहेत तेवढ्यांनी, दाराला कान लावला. फोन आईंनी उचलला होता, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून तो नेहमीसारखा मोठ्या आवाजावर लावला होता.

"नमस्कार मॅडम. आपल्या साइटवर गंभीर बिघाड नोंदवला गेला आहे. मी मजकूर वाचतो. आमच्या राजाला टक्कल आहे." इस्त्रीत काडीची चुणी नाही. "हा बिघाड केव्हापासून आहे?"

"कोण बोलतंय?"

"होस्टिंग कंपनीचा मदत विभाग."

"तुम्हाला माझ्या सुनेनं शिकवून बसवलंय ना?"

"नाही मॅडम. खरं सांगायचं तर आपल्या सूनबाईंचं आणि माझं पटत नाही."

बाहेर आईंनी खुर्ची ओढली, तो आवाज मला ऐकू आला. "असं होय," त्या म्हणाल्या. "कशावरून?"

"त्या नियमांविषयी अनुदार बोलल्या."

"ते तिचं रोजचंच आहे. बरं, ते राजाचं नीट वाचा बघू पुन्हा." त्यानं शब्दन्‌शब्द वाचला. "माप दिलंय का डोक्याचं?"

"माप नोंदवलेलं नाही."

"केस सरळ हवेत का कुरळे? कपाळ किती उघडं?"

"बिघाडात तसा उल्लेख नाही."

"मग कसल्या नोंदी ठेवता तुम्ही? राजाचं डोकं आहे, भोपळा आहे का?"

"मॅडम, मी एवढंच विचारायला फोन केला आहे की बिघाड सुटला का. आपण सुटला म्हणेपर्यंत तक्रार उघडी राहील आणि मी रोज फोन करीन."

"सुटला कसा? अजून हात लावलेला नाही! उघडी ठेवा!"

मी बाहेर आले तेव्हा आई खोक्यातून लांबोडं काढत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. "ज्याचं तुझ्याशी पटत नाही तो तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही," एवढंच म्हणाल्या. "त्या नाटकवाल्यांना फोन लाव. डोक्याचा घेर विचार, कानापासून कानापर्यंत, आणि राजा घामट आहे का तेही विचार." थोड्या वेळानं, जाळी ताणता ताणता, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आणि चहा टाक. दोघींचा." आमच्या घरात माफी अशीच मागतात.

रविवारी ताई आल्या. दारात गाडी, हातात यादी, तोंडावर घाई. आत येऊन बघतात तर आई सुई लावून बसलेल्या, मांडीवर राजाचं अर्धं कपाळ.

"आई, हे काय? तयारी कुठेय?"

"मला येता येत नाही," आई म्हणाल्या. "माझ्यावर तक्रार उघडी आहे."

ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं. नणंदा आधी भावजयीकडेच बघतात. "कुणी केली?"

"कंपनीनं. रोज फोन येतो."

तेवढ्यात आलाच. रविवारीही बसतो बिचारा. आईंनी ताईंच्या हातात फोन दिला आणि नियमबुवानं त्यांनाही इस्त्रीच्या आवाजात सांगितलं की राजाच्या टकलाचा बिघाड गंभीर स्वरूपाचा असून अद्याप प्रलंबित आहे. ताई शिकलेल्या, एका मोठ्या ऑफिसात साहेब आहेत. "प्रलंबित" हा शब्द ऐकला आणि त्या नरम पडल्या.

"मग हे मिटलं की येशील?"

आईंनी सुई थांबवली. "मिटलं की येईन," म्हणाल्या. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. मला ते चांगलं माहीत होतं, आणि ताईंनाही.

ताई गेल्यावर नियमबुवाचा मला पुन्हा फोन आला. तोवर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. "मॅडम, हे बिघाड आपण हेतुपुरस्सर करत आहात."

"मुद्दाम बिघाड करायला नियमात बंदी आहे का?"

पानं उलटल्याचा आवाज खरंच आला. "नाही."

"मेल पाठवायला बंदी आहे. मी पाठवते का?"

"नाही."

"कोण पाठवतं?"

"आम्ही," तो म्हणाला. मग घसा साफ करून विचारलं, "राजाचे कल्ले झाले का?"

तो रोज फोन करायचा. आईंनी त्याला मुकादम करून टाकलं. तो विचारायचा किती झालं, त्या सांगायच्या मानेपर्यंत आले, तो तशी नोंद करायचा. कधी त्या चिडून म्हणायच्या, "हात दोनच आहेत मला!" तो तेही नोंदवायचा. शेराला सव्वाशेर भेटला होता, आणि खोलीत पुन्हा भांडणं सुरू झाली होती, चहात पुन्हा केस येत होते. मी इतकी सुखात होते की एक-दोन वेळा ते पिऊनही टाकले.

मधे एक ऑर्डर आली, वाढदिवसाच्या गमतीसाठी हिरवा टोप हवा होता. आईंनी फोन करून त्या माणसाला असं काही सुनावलं की त्यानं माफी मागून ती तक्रार स्वतःच बंद करायला लावली. दुसरं कुणी आलं नाही.

आणि टोप तर संपत आला. मी बघत होते. आईंचा हात मुळातच चपळ, त्यात इतक्या दिवसांनी काम मिळालेलं. शेवटी शेवटी मीच म्हणायला लागले, "आई, मागची बाजू जरा विरळ वाटते." त्या म्हणायच्या, "तुला विरळचं काय कळतं? म्हणजे, कळतं, पण गप्प बस."

नाटकवाले टोप घेऊन गेले. चार दिवसांनी लाल पट्ट्याची मेल आली. "गंभीर बिघाड: राजानं मुकुट काढला आणि कुणीही हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई रडली. आजींना नमस्कार." मी आईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग नियमबुवाचा फोन आला, "मॅडम, बिघाड सुटला असं समजायचं का?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलतील असं मला एक क्षण वाटलं, बोलाव्यात असं फार वाटलं. "सुटला," त्या म्हणाल्या.

"तक्रार बंद करतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच आवाज जरा चुरगळल्यासारखा वाटला. "आपल्याशी बोलून बरं वाटायचं."

संध्याकाळी ताईंचा फोन आला, तो आईंनीच घेतला. "हो, मिटलं. हो, रविवारी ये." मी टेबलापाशी बसून दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटचं काम करत असल्याचं सोंग करत होते. पडद्यावर काय होतं ते मला विचाराल तर सांगता येणार नाही. राहा म्हणायला तोंड उघडत नव्हतं. आयुष्यभर भांडलेल्या माणसाला राहा कसं म्हणायचं, ते आम्हाला दोघींनाही कुणी शिकवलेलं नाही. खोकी पुन्हा बाहेर आली होती. रुसकं तेवढं अजून फळीवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले तर नवरा फोन शोधत फिरत होता. "इथेच ठेवला होता," म्हणत त्यानं गाद्या उचलल्या, खुर्च्या उचलल्या. पलीकडच्या खोलीतून आवाज येत होता, टक, टक, बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. आई फोनवर एका बोटानं लिहितात आणि प्रत्येक अक्षराला दाराची बेल दाबल्यासारखं दाबतात. मी नवऱ्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. आम्ही दोघं चोरासारखे ऐकत उभे राहिलो.

टक. मग शांतता. मग माझ्या कॉम्प्युटरवर लाल पट्टा.

"गंभीर बिघाड: एक सून आहे. डोकं गरम, केस विरळ, जीभ लांब. तिच्यासाठी टोप हवा. खरे केस, एकेक ओवलेला, घाईचं काम नको. पाच-दहा वर्षं लागली तरी चालेल. कळावे, नाटक कंपनीचा व्यवस्थापक."

मी वाचलं आणि मला हुंदकाच फुटला. नवऱ्यानं वाचलं आणि तो पाणी प्यायला निघून गेला.

फोन वाजला. "मॅडम," नियमबुवा म्हणाला, आणि तो धावत आल्यासारखा वाटत होता, "आपल्या साइटवर पुन्हा गंभीर बिघाड आहे."

"हो," मी नाक पुसत म्हटलं. "फार गंभीर आहे."

"कधीपर्यंत सुटेल?"

"काही सांगता येत नाही. जुना आहे."

"हरकत नाही," तो म्हणाला. "सुटल्याचं सांगेपर्यंत बंद करता येत नाही. नियमच आहे." आणि मग जरा हळू, "ताईसाहेब पुन्हा न्यायला आल्या, तर मी स्वतः फोनवर त्यांना प्रलंबित असल्याचं कळवीन."

मी फोन ठेवला तेव्हा आई दारात उभ्या होत्या. गळ्यात मापाची फीत, चेहरा अगदी निर्विकार, जसं काही त्यांना कशातलं काही माहीतच नाही.

"दुकानात कुणी आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"आलं होतं. एक व्यवस्थापक. जरा आगाऊच वाटला."

"असतात तसे. चल, डोकं इकडे कर."

मी खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाठ केली. त्यांनी फीत कपाळावरून फिरवली, कानामागून घेतली, माझे ते चार केस बाजूला केले आणि दोन्ही हात डोक्यावर तसेच ठेवले. एक माप घ्यायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ. मग फीत गुंडाळून पदराला खोचली. माप त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही.

"आई, लिहिलं नाहीत ना?"

"विसरेन," त्या म्हणाल्या. "उद्या परत घेऊ."